क्लास मध्येच बंद पडला, फी अडकली: इंदूरच्या पालकांनी एकत्र तक्रार कशी करायची

भंवरकुआंच्या चौकात मान वर केली की आकाशाआधी कोचिंगचे बोर्ड दिसतात. त्यातल्या एखाद्या क्लासला सोमवारी कुलूप लागलं, तर मंगळवार रात्रीपर्यंत पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो आणि बुधवारी सुदामा नगरपासून राजेंद्र नगरपर्यंतचे दीडशे जण त्यात आलेले असतात. मग कुणीतरी लिहितं, "आपण सगळ्यांनी मिळून एकच केस टाकू या." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो.

ही एकच मोठी केस, म्हणजे क्लास अॅक्शन किंवा सामूहिक तक्रार, आपल्या ग्राहक कायद्यात आहे. ती कशी करतात ते पुढे सविस्तर येईलच. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांची नावं, पावत्या आणि रकमा माहीत आहेत अशा शे-दीडशे पालकांसाठी बहुतेक वेळा एक मोठी केस ही चांगली वाट नसते. एकाच आठवड्यात, एकाच मसुद्यावर, ज्याची त्याची वेगळी तक्रार जास्त लवकर पोचते. कारण भावनेचं नाही, हिशेबाचं आहे.

आधी हे पाहा: तुम्ही 'ग्राहक' आहात का

क्लासवाल्यांचा वकील पहिलीच हरकत घेतो की शिक्षण ही सेवा नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाला अधिकारच नाही. विद्यापीठं आणि मान्यताप्राप्त महाविद्यालयांच्या बाबतीत या म्हणण्याला आधार आहे. कोचिंगच्या बाबतीत नाही. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना बाहेर ठेवलं, पण कोचिंग क्लास त्यांच्या पंगतीत बसत नाहीत, त्यांच्या सेवेतल्या त्रुटीची तक्रार आयोग ऐकू शकतो, असं स्पष्ट सांगितलं. तुमच्या तक्रारीत या निकालाचा उल्लेख पहिल्या पानावरच येऊ द्या.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. क्लास बंद झाल्याची तारीख म्हणूनच पुराव्यानिशी पक्की करून ठेवा: कुलपाचा फोटो, शेवटच्या तासाचा मेसेज, 'काही दिवस क्लास बंद राहील' अशी चिकटवलेली नोटीस. "पुढच्या महिन्यात नक्की सुरू करतो" या आश्वासनांवर दोन वर्षं सहज निघून जातात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि पटेल असं कारण लागतं.

तीन वाटा, आणि भोपाळचा हिशेब

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे (तो २० जुलै २०२० पासून लागू आहे) तुमच्यापुढे तीन वाटा असतात.

एक, ज्याची त्याची वेगळी तक्रार. दोन, काही जणांची संयुक्त तक्रार: दहा पालक, दहाही जणांच्या सह्या, आणि मागणी फक्त त्या दहांसाठी. तीन, खरीखुरी सामूहिक तक्रार, कलम ३५(१)(क), म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ३५(१)(c) खाली. यात एक किंवा काही ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन, समान हितसंबंध असलेल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीने येतात, ग्रुपमध्ये नसलेल्यांच्या वतीनेही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत लोक नेहमी गल्लत करतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात हा गुंता सोडवला. बंगळुरूच्या त्या वसाहतीत ११३४ सदनिका होत्या आणि तक्रार घेऊन आलेले ९१ जण ५१ सदनिकांचे खरेदीदार होते. उरलेल्या सगळ्यांचं हित आपल्यासारखंच कसं, हे त्यांच्या तक्रारीत नीट मांडलेलंच नव्हतं. न्यायालय म्हणालं, ही सामूहिक तक्रार होत नाही, पण या लोकांची संयुक्त तक्रार म्हणून चालू शकते. म्हणजे थोड्या लोकांनी एकत्र यायला कायद्याची मनाई नाही. मात्र आपण स्वतःपुरते आलो आहोत की सगळ्यांसाठी, हे पहिल्या दिवशी ठरवून तसंच लिहावं लागतं.

आता हिशेब. तक्रार कुठे दाखल होणार हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, किती पैसे भरले यावर ठरतं. डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. सामूहिक तक्रारीत सगळ्या ग्राहकांनी भरलेल्या रकमांची बेरीज धरतात. अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०१६ मध्ये हेच सूत्र घालून दिलं.

समजा ७० पालक आहेत आणि प्रत्येकाने ८५,००० रुपये भरलेत. बेरीज ५९ लाख ५० हजार. झालं, तुमची केस इंदूरच्या जिल्हा आयोगातून उठून भोपाळच्या राज्य आयोगात गेली. तिथे निकाल लागला तर त्यावरचं अपील दिल्लीला. याच ७० जणांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर प्रत्येक तक्रार इंदूरलाच राहते, अपील भोपाळला होतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल करण्याची फी शून्य आहे. सामूहिक तक्रारीला याच बेरजेवर २,००० रुपये फी पडते. ती काही मोठी नाही, खरा खर्च प्रवासाचा, वकिलाचा आणि वेळेचा.

मधली वाट घ्यायची असेल, म्हणजे आठ-दहा जणांचे गट, तर एका गटाच्या फीची बेरीज ५० लाखांच्या बरीच आत ठेवा, म्हणजे अधिकारक्षेत्राचा वादच उभा राहत नाही. गट करताना एकाच कोर्सचे, एकाच बॅचचे पालक एकत्र घ्या. दोन वर्षांच्या जेईईवाले आणि एका वर्षाच्या नीटवाले एकाच तक्रारीत कोंबू नका.

मग सामूहिक तक्रार कधी करावी? बाधित लोक खूप असतील, बरेचसे कोण आहेत हे माहीतच नसेल, आणि प्रत्येकाचं नुकसान इतकं लहान असेल की एकटा कुणी आयोगाची पायरी चढणार नाही, तेव्हा. ऑनलाइन टेस्ट सिरीजचे ९९९ रुपये राज्यभरातल्या हजारो मुलांकडून घेऊन ती अर्ध्यावर बंद केली, हे खरं सामूहिक तक्रारीचं प्रकरण. तिथे कायद्याचं एक हत्यारही आहे. नुकसान झालेले ग्राहक सहज ओळखू येण्यासारखे नसतील, तर आयोग कंपनीला एकरकमी पैसे भरायला लावू शकतो आणि ही रक्कम विकलेल्या सदोष मालाच्या किंवा सेवेच्या किमतीच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही. जुन्या १९८६ च्या कायद्यात हा आकडा ५ टक्के होता. मात्र हे पैसे तुमच्या खात्यात येतीलच असं नाही.

पहिल्या पंधरवड्यात करायची कामं

ग्रुपमध्ये चर्चा चालू द्या, पण कामासाठी एक तक्ता करा. विद्यार्थ्याचं नाव, पालकाचं नाव, कोर्स, प्रवेशाची तारीख, ठरलेली फी, भरलेली फी, कशी भरली, शेवटचा तास कधी झाला. रकान्यांची ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण पुढे नोटीस, तक्रार, शपथपत्र सगळं यातूनच निघतं. पैसे रोख दिले असतील तर पावती आहे की नाही, हा रकाना वेगळा ठेवा. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांच्या तक्रारी बाकीच्यांत मिसळू नका, त्यांच्यामुळे सगळ्यांच्या केसवर प्रश्नचिन्ह लागतं.

कागद गोळा करा: पावत्या, प्रवेश अर्ज मागच्या बारीक अक्षरांसकट, यूपीआय किंवा बँकेचं स्टेटमेंट, माहितीपुस्तिका, जाहिराती, ओळखपत्र, वेळापत्रक. वेबसाइट आणि सोशल मीडियावरची पानं ताबडतोब टिपून ठेवा, क्लास बंद झाल्यावर तीच आधी गायब होतात. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुरावा म्हणून देणार असाल तर ज्या फोनवर ते आहेत त्या फोनधारकाचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नाही, तरी समोरच्याला हरकतीची फट कशाला ठेवायची?

समोर कोण आहे, हे शोधणं

बोर्डावरचं नाव आणि पैसे घेणारा, हे बऱ्याचदा दोन वेगळे असतात. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाका, त्यावरून व्यवसाय कुणाच्या नावे आहे ते कळतं. एकट्या माणसाची मालकी असेल तर तो व्यक्तिशः जबाबदार धरला जातो. कंपनी असेल तर कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवरून नोंदणीकृत पत्ता काढा. आणि इंदूरची शाखा फ्रँचायझी असेल तर फ्रँचायझीवाला आणि मूळ ब्रँड, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. मूळ कंपनी हमखास म्हणते की आमचा संबंध फक्त नाव वापरू देण्यापुरता. पण माहितीपुस्तिका तिची, जाहिरातीतले चेहरे तिचे, परीक्षा तिच्या. हे सगळं तुम्ही आधीच जपून ठेवलेलं असेल तर तिला हात झटकणं जड जातं.

याच वेळी कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आहे का, तेही बघा. तशी झाली असेल तर स्थगितीमुळे कंपनीविरुद्धची ग्राहक केस थांबते. मग जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीचं काम पाहायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे) प्रत्येकाने आपला क्लेम भरायचा. इथे मात्र वाट पाहणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

हप्ते चालू असतील तर

बऱ्याच घरांत फी एकरकमी दिलेली नसते. क्लासच्या काउंटरवरच एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज काढून दिलं जातं, क्लासला पूर्ण पैसे मिळतात आणि पालक दर महिन्याला हप्ता भरत राहतो. क्लास बंद झाल्यावर रागाने हप्ता थांबवू नका, क्रेडिट स्कोअर तुमचा खराब होतो. आधी कर्जदात्याला लेखी कळवा की सेवा अमुक तारखेपासून बंद आहे. तक्रारीत त्याला दुसरा विरुद्ध पक्ष करा आणि हप्त्यांची वसुली तूर्त थांबवण्यासाठी कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज सोबतच द्या. आयोग तो देईलच असं नाही, पण हप्ता चालू असलेल्या घरासाठी या अर्जाइतकं तातडीचं दुसरं काही नाही.

आयोगाआधीचे दरवाजे

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर प्रत्येकाने आपापली तक्रार नोंदवावी. क्लास चालू असेल आणि नुसती परतफेड टाळत असेल, तर कधीकधी तिथेच काम होतं. संचालक फरार असेल तर फार अपेक्षा ठेवू नका, पण तक्रार क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

आपल्याकडे मंगळवारी जनसुनावणी असते. मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात एक-दोन जणांऐवजी वीस पालकांनी सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज घेऊन जावं. सगळ्यांनी एकत्र जाण्याची खरी जागा ही आहे. हा नुसता गाऱ्हाण्याचा दरबार नव्हे. २०१९ च्या कायद्यात ग्राहकांच्या संपूर्ण वर्गाच्या हक्कांना बाध आल्याची तक्रार जिल्हा कलेक्टरकडे करता येते, आणि कलेक्टर चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतो. अर्जात तसा स्पष्ट उल्लेख करा, नाहीतर तो सीएम हेल्पलाइन १८१ च्या ढिगाऱ्यात जाऊन बसतो.

हे प्राधिकरण जुलै २०२० पासून आहे आणि एकेकट्या ग्राहकासाठी नव्हे, सगळ्यांसाठी मिळून काम करतं. २०२२ मध्ये त्याने अॅमेझॉनला दर्जा नसलेल्या २,२६५ प्रेशर कुकरच्या खरेदीदारांना कळवून, कुकर परत घेऊन पैसे द्यायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडोला 'पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये' या जाहिरातीबद्दल १० लाखांचा दंड झाला आणि ज्यांना ते ५० रुपये मिळाले नव्हते त्यांना ते द्यायचा आदेश निघाला. म्हणजे खोट्या जाहिरातीचा मुद्दा असेल, तर सामूहिक तक्रारीचं बरंचसं काम या मार्गाने वकिलाशिवाय होऊ शकतं. कोचिंगच्या जाहिरातींसाठी प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायची असेल तर जरूर द्या, दोन्ही गोष्टी सोबत चालतात. फक्त आयोगापुढच्या कागदात 'कट', 'अपहार', 'बनावट' असे शब्द पेरू नका. प्रकरण फसवणुकीच्या गुंत्याचं दिसलं की समोरचा लगेच म्हणतो, हे दिवाणी न्यायालयाचं काम आहे. इथे मुद्दा साधा ठेवा: पैसे घेतले, शिकवलं नाही.

तक्रार लिहिताना

आधी नोटीस. प्रत्येकाच्या नावाने वेगळी, स्पीड पोस्टने आणि ई-मेलने, १५ दिवसांची मुदत देऊन. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तिचं उत्तर आलं नाही हेच पुढे उत्तर होतं.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. वकील बंधनकारक नाही. आपल्या आयोगात कामकाज हिंदीत चालतं. मराठी कागद असतील, आजोबांच्या नावची नागपूरची पावती वगैरे, तर हिंदी भाषांतर जोडा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे देवास किंवा धारहून मुलाला इंदूरला पाठवणाऱ्यांना आपल्या गावीही जाता येईल. मात्र शक्यतो सगळ्यांनी इंदूरच धरावं. एकाच आयोगापुढे एकसारख्या तक्रारी असल्या की त्या एकत्र ऐकण्याची विनंती करता येते आणि सामूहिक तक्रारीचा जो खरा फायदा, सगळ्यांचं एकत्रित वजन, तो असाही मिळतो.

मागणी सूत्रात लिहा. एकूण कोर्स २४ महिन्यांचा, शिकवलं ९ महिने, तर उरलेल्या १५ महिन्यांच्या प्रमाणातली फी, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासापोटी पाच-पाच लाख मागणारे मसुदे फिरत असतात. त्याने आयोगावर छाप पडत नाही.

प्रवेश अर्जावर 'फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं छापलेलं असतं. त्यावर सही आहे म्हणून घाबरू नका, पण एक सापळा ओळखा. हे कलम 'अन्यायकारक करार' आहे म्हणून रद्द करा, असा मुख्य दावा केलात तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे, आणि गाडी पुन्हा भोपाळला वळते. म्हणून दावा 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापार प्रथा' यांवर उभा करा. सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित प्रथा आहे. अर्जात लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडे न्यायचा ही अट) असलं तरी आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात ठरवून टाकलंय.

आणि तरीही सामूहिक तक्रारच करायची असेल

तर तक्रारीसोबत परवानगीचा वेगळा अर्ज लागतो. त्यात चार गोष्टी निसटू देऊ नका: हा वर्ग नेमका कुणाचा (उदाहरणार्थ, अमुक शाखेत अमुक सत्रात प्रवेश घेतलेले आणि बंद होईपर्यंत हजेरीवर असलेले सगळे), ते साधारण किती, सगळ्यांची तक्रार एकच कशी, आणि मागणी सगळ्यांसाठी सारखी कशी. क्लास बंद होण्याआधीच स्वतःहून सोडून गेलेली मुलं या वर्गात घालू नका. त्यांचं गाऱ्हाणं खरं असेल, पण वेगळं आहे.

परवानगी मिळाली की दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १, नियम ८ लागू होतो. वर्गातल्या सगळ्यांना नोटीस, आणि ते शक्य नसेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना, तीही तक्रारदारांच्या खर्चाने. हा खर्च आधी वाटून घ्या, नंतर तो नेमका पुढे झालेल्या दोघा-तिघांच्या गळ्यात पडतो. त्यानंतर कुणीही पालक येऊन पक्षकार होण्याची मागणी करू शकतो. लागलेला निकाल सगळ्यांवर बंधनकारक असतो, केस हरली तरी. हे वाक्य ग्रुपवर ठळक अक्षरांत टाका.

तडजोडही मनाने करता येत नाही. सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय केस मागे घेणं किंवा समझोता करणं नियमाला मान्य नाही. आपल्या राज्याने दुसऱ्यांच्या वतीने केलेली तडजोड पाहिलेली आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटवून टाकलं. पीडितांना कुणी विचारलं नव्हतं. प्रमाण कुठलं आणि कोचिंगची फी कुठली, पण प्रतिनिधी निवडताना ही आठवण असावी. प्रतिनिधी ढिलाई करत असेल तर त्याच्या जागी दुसरा आणण्याची सोयही त्याच नियमात आहे.

सोसायटी किंवा पालक संघ काढून त्याच्या नावाने तक्रार करण्याचा सल्लाही मिळेल. कायद्याला त्यासाठी नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटना लागते. २०२० मध्ये सोभा हिबिस्कस प्रकरणात, कायद्याने बनवावी लागलेली सदनिकाधारकांची संस्था त्यात बसत नाही म्हणून बाहेर गेली. घाईत संघ काढण्यापेक्षा माणसांनी स्वतःच्या नावाने यावं.

दाखल केल्यानंतर

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून आणखी १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आलेलं उत्तर घेता येत नाही, हे मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं. तारीख लिहून ठेवा आणि उत्तर उशिरा आलं तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. तीन महिन्यांत निकाल, ही कायद्यातली अपेक्षा प्रत्यक्षात क्वचितच पुरी होते, त्यामुळे मुलाच्या पुढच्या वर्षाच्या फीची सोय या पैशांवर टाकू नका.

मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जा. क्लासवाला ७० टक्के तीन हप्त्यांत द्यायला तयार असेल तर मी तरी घ्यायला सांगेन. अट एकच: चेक नकोत, समझोता आयोगाच्या आदेशात उतरवून घ्या, म्हणजे हप्ता चुकला की थेट वसुलीला जाता येतं. वेगळ्या तक्रारींचा फायदा इथेही दिसतो, ज्याला मान्य आहे तो मोकळा होतो आणि ज्याला नाही तो लढत राहतो.

जिल्हा आयोगाच्या निकालावर अपिलाला ४५ दिवस असतात, आणि विरुद्ध पक्षाला अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर दोन अर्ज सोबत करा: कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली आणि कलम ७२ खाली शिक्षा. दुसऱ्या कलमात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही आहे. अर्जात संचालकांची नावं आणि आताचे पत्ते द्यावे लागतात, आणि तोवर ते शहर सोडून गेलेले असू शकतात. म्हणून ते पत्ते पहिल्या पंधरवड्यातच, कंपनीच्या नोंदी काढताना, त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून घ्या.